शेजारच्यांची मशीद आणि आपण

आपल्यातील जुन्या पिढीचा माणूस शनिवारी सकाळी "मशिदीत जाऊन येतो" असे सांगून घराबाहेर पडे, तेव्हा ऐकणाऱ्यास त्यात काही वावगे वाटत नसे. सिनेगॉग हा शब्द इंग्रजी शाळांमधून आपल्याकडे आला आणि बेथ हक्नेसेत तर पुष्कळांच्या तोंडी या देशात आल्यावरच रुळला. त्यापूर्वी कोकणात काय, मुंबईत काय, आपण आपल्या प्रार्थनामंदिराला मशीदच म्हणत असू. कंपनी सरकारच्या पलटणीतील अंमलदार सामुएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ साली मुंबईत शाअर हारहमीम बांधले, तीच आपली जुनी मशीद. जवळच्या मशीद बंदर स्टेशनाला नाव तिच्यामुळे पडले असे मानणारे पुष्कळ आहेत. आपल्या धार्मिक पुढाऱ्यांना आपण काझी म्हणत होतो. तिकडे पुण्यात डेव्हिड ससून यांच्या दानातून उभ्या राहिलेल्या ओहेल डेव्हिडला सारे शहर 'लाल देऊळ' म्हणते. म्हणजे मराठी मुलुखाने आपल्याला एका शहरात मशीदवाले केले आणि दुसऱ्यात देऊळवाले. त्याने आपले काही बिघडले नाही, आणि मुलुखाचेही नाही.

हे आठवण्यास कारण असे, की परदेशात कोठे मशिदीला विरोध झाल्याची बातमी आली म्हणजे आपल्या मंडळींत "बरे झाले" असे म्हणणारे आम्हांस हल्ली फार भेटतात. ही मंडळी वाईट नाहीत. त्यांनी इथे पाहू नये ते पाहिले आहे. परंतु "बरे झाले" म्हणण्यापूर्वी काय झाले, कसे झाले आणि त्याच रीतीने पूर्वी कोणाचे काय झाले, हे नीट पाहून घ्यावे, एवढ्यासाठी हा लेख. आमचा जन्म वर्गात फळ्यासमोर गेला. तेव्हा थोडा इतिहास सांगितल्याशिवाय आमच्याने पुढे जाववत नाही, हे वाचकांनी चालवून घ्यावे.

स्वित्झर्लंडमधील सोलोथुर्न प्रांतात ओल्टेन शहराजवळ वांगेन नावाचे गाव आहे. तेथील तुर्की लोकांच्या सांस्कृतिक मंडळाने २००५ साली आपल्या इमारतीच्या छपरावर एक मिनार उभारण्याची परवानगी मागितली. मिनाराची उंची सहा मीटर. (आपल्या दुमजली घराहून फार जास्त नव्हे.) गावाने नकार दिला, शेजाऱ्यांनी हरकती घेतल्या, प्रकरण देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २००७ साली निकाल तुर्की मंडळाच्या बाजूने लागला आणि २००९ साली मिनार उभा राहिला. त्यावरून बांग दिली जात नव्हती. साऱ्या स्वित्झर्लंडमध्ये त्या वेळी मिनार असलेल्या मशिदी चार, आणि त्यांपैकी एकीवरूनही बांग दिली जात नसे. देशात मुसलमान सुमारे चार लाख होते. त्यांतले बहुतेक बोस्निया, कोसोवो आणि तुर्कस्तानातून आलेले, कष्टाची कामे करणारे.

न्यायालयात हरलेल्या पक्षाने मग दुसरा मार्ग धरला. त्या देशात एक लाख नागरिकांच्या सह्या गोळा केल्या, तर राज्यघटनेत बदल सुचवून त्यावर सर्व जनतेचे मत घेता येते. सह्या एक लाखाहून जास्त जमल्या. भिंतींवर चित्रे लागली. त्यांत स्विस झेंड्यावर काळे मिनार क्षेपणास्त्रांसारखे उभे आणि पुढे बुरख्यातील एक स्त्री. सरकारने आणि संसदेने "नाही म्हणा" असा सल्ला दिला. चाचण्यांत विरोधी पक्ष हरणार असे दिसत होते. २९ नोव्हेंबर २००९ रोजी ५७.५ टक्के मतदारांनी "होय" म्हटले. बंदीच्या विरुद्ध गेले ते जिनिव्हा, व्हो, न्यूशातेल आणि बाझेल शहर एवढेच. तेव्हापासून स्वित्झर्लंडच्या राज्यघटनेत, धर्मस्वातंत्र्याचे आश्वासन देणाऱ्या त्याच ग्रंथात, मिनार बांधण्यास मनाई करणारे एक छोटे वाक्य आहे.

यात आपले काय गेले, असे कोणी विचारील. आपले जे गेले ते शंभर वर्षांपूर्वीच गेले होते. स्वित्झर्लंडमध्ये यहुद्यांना बराच काळ फक्त आरगाऊ प्रांतातील एन्डिंगेन आणि लेंग्नाऊ या दोन गावांत राहण्याची मुभा होती. तेथे अजून अशी घरे दाखवतात की ज्यांना एकाला एक लागून दोन दारे आहेत, एक ख्रिस्ती कुटुंबाचे व एक यहुदी कुटुंबाचे. देशभर कोठेही राहण्याचा हक्क १८६६ साली मिळाला आणि उपासनेचे पूर्ण स्वातंत्र्य १८७४ च्या राज्यघटनेने. सह्या गोळा करून घटनेतील एखादे कलम बदलून घेण्याचा हक्क जनतेला मिळाला १८९१ साली. आता वाचकांनी सांगावे, हा नवा हक्क हाती येताच स्विस जनतेने तो पहिल्यांदा कशासाठी वापरला असेल? शेखितावर बंदी घालण्यासाठी! जनावराला आधी बेशुद्ध केल्याशिवाय त्याच्या गळ्यावर सुरी चालवू नये, असे कलम २० ऑगस्ट १८९३ रोजी सुमारे ६० टक्के मतांनी घटनेत गेले. तेव्हाही सरकार आणि संसद विरुद्ध होती. त्या वेळी फ्रेंच भाषा बोलणाऱ्या प्रांतांनी बंदीला साथ दिली नाही आणि जर्मन भाषिक प्रांतांच्या जोरावर ती मंजूर झाली.

बंदी मागणाऱ्यांनी यहुद्यांचे नाव कलमात घातले नव्हते. कलम जनावरांच्या दयेचे होते. त्यांत खरोखर दयाळू माणसेही होती, हे आम्ही नाकारीत नाही. पण त्यांच्या बरोबरीने पूर्वेकडून येणाऱ्या यहुद्यांना देशात पाय रोवू देऊ नये असे वाटणारेही पुष्कळ होते, आणि दयेच्या पाटीखाली दोघांना एका रांगेत उभे राहता आले. ही बंदी आज घटनेत नाही. १९७३ साली ते कलम काढून सर्वसाधारण प्राणिरक्षणाचे कलम घातले गेले आणि बंदी साध्या कायद्यात गेली. तेथे ती अजून आहे. कोंबड्यांपुरती सूट आहे. गाई-बकऱ्यांचे कोशेर मांस परदेशातून आणावे लागते. २००१ साली सरकारने ती उठवण्याचा विचार बोलून दाखवला, तर इतका गलका झाला की पुढल्याच वर्षी तो सोडून द्यावा लागला.

म्हणूनच २००९ साली स्वित्झर्लंडच्या यहुदी संघटनांनी मिनारबंदीला उघड विरोध केला. आपल्यालाही या देशात एके काळी सिनेगॉग मनासारखे बांधू देत नसत, याची आठवण त्यांनी लोकांना दिली. ते अवघे अठरा हजारांच्या आसपास. इतर कोणापेक्षा त्यांना गप्प बसणे सोपे होते. मुसलमानांवर त्यांचे फार प्रेम होते असेही समजण्याचे कारण नाही. ज्या दाराने आपल्या ताटातले मांस बाहेर गेले त्याच दाराने शेजाऱ्याचा मिनार बाहेर जात आहे, हे त्यांना दिसले, एवढेच.

आता त्या वेळी झालेला एक युक्तिवाद घेऊ, कारण तो आपल्याकडेही ऐकू येतो. नमाजाला मिनार लागत नाही. मशिदी बांधा, प्रार्थना करा, तुमचा धर्म कोणी काढून घेतला नाही. मिनार हे सत्तेचे प्रदर्शन आहे. वरवर पाहता बरोबर. कुराणात मिनाराची आज्ञा नाही. पण मग आमच्या डोळ्यांपुढे पुण्याचे लाल देऊळ येते. तांबड्या विटांचे, इंग्रजी चर्चच्या धर्तीचे, आणि त्याचा मनोरा सुमारे नव्वद फूट! त्यावर घड्याळही आहे. तोरात कोठे म्हटले आहे की सिनेगॉगाला घड्याळाचा मनोरा असावा? तफिल्लाला दहा माणसे पुरतात, आणि ती एखाद्या ओसरीवर जमली तरी चालतात. आपल्या वाडवडिलांनी कोकणात किती काळ घराघरांतच प्रार्थना केली! तरी १८६७ साली ते काम पुरे झाले तेव्हा पुण्यातील कोणी "मनोरा कशाला" असे विचारल्याचे आमच्या ऐकण्यात नाही. ससून कुटुंबाला मनोरा हवा होता कारण आम्ही येथे आहोत, चोरून राहत नाही, हे सांगावेसे वाटत होते. वांगेनच्या तुर्की कामगारांना सहा मीटरांतून तेच सांगायचे होते. धर्माला काय आवश्यक आणि काय नाही, हे त्या धर्माच्या लोकांऐवजी शेजाऱ्याने ठरवायचे म्हटले, तर मेझुझा, किप्पा, आपला एलियाहू हन्नाबीचा मलिदा, यांतले काय उरेल? मलिदा तर आपल्याच यहुदी बांधवांना इथे नवा वाटला होता.

यावरून आणखी एक गोष्ट निघते. अमेरिकेत टेनेसी राज्यातील मर्फ्रीझबरो या गावी २०१० साली मशिदीच्या विरुद्ध खटला झाला, तेव्हा विरोधकांच्या वकिलाने कोर्टात इस्लाम हा धर्मच नव्हे असा मुद्दा मांडला. अमेरिकेच्या न्यायखात्याला लेखी सांगावे लागले की तो धर्म आहे. २०१२ च्या ऑगस्टमध्ये मशीद उघडली. हे वाचून काहींना हसू येईल. आम्हांस आले नाही. १९६२ साली या देशाच्या मुख्य रब्बींच्या कार्यालयाने आपल्या लोकांच्या विवाहांबाबत जे नियम काढले, त्यांत आपण पुरते यहुदी आहोत की नाही याची पिढ्यान्‌पिढ्या मागे जाऊन चौकशी करावी असे होते. आपले लोक यरुशलेममध्ये धरणे धरून बसले. १९६४ च्या ऑगस्टमध्ये केनेसेतने बेने इस्राएल हे सर्व बाबतींत यहुदी आहेत असा ठराव केला, तेव्हा कुठे ते प्रकरण शमले. आपण कोण, हे दुसऱ्याने बसून ठरवावे आणि आपण बाहेर उन्हात वाट पाहावी, याची चव ज्यांनी चाखली आहे त्यांना मर्फ्रीझबरोचा वकील ओळखीचा वाटावा.

सगळेच विरोधक असे सरळ बोलत नाहीत. पुष्कळदा गोष्ट मोटारी उभ्या करण्याच्या जागेची असते. न्यू जर्सीतील बर्नार्ड्स टाउनशिपमध्ये मुसलमानांच्या एका मंडळाने दीडशे लोकांसाठी मशीद बांधू द्या म्हणून अर्ज केला. तीन माणसांमागे एक गाडी, या तेथील प्रमाणाने पन्नास जागा पुरत होत्या. पालिकेच्या समितीने एकशे सात मागितल्या. जाहीर सुनावण्या झाल्या एकोणचाळीस, जवळपास चार वर्षे! शेवटी परवानगी नाकारली. २०१६ च्या अखेरच्या दिवशी संघीय न्यायाधीशांनी विचारले की चर्च आणि सिनेगॉगला जे प्रमाण, ते मशिदीला का नाही. पुढल्या वर्षी त्या गावाला तडजोडीत साडेबत्तीस लाख डॉलर मोजावे लागले आणि परवानगीही द्यावी लागली.

पन्नास आणि एकशे सात. आम्हांस वाटते, सगळा वाद या दोन आकड्यांत आहे. गाड्यांची अडचण खोटी नसते. गल्लीत राहणाऱ्याला तिची झळ लागते, आणि तक्रार केली म्हणून तो धर्मद्वेष्टा ठरत नाही. पण तेथे मशिदीऐवजी सिनेगॉग येणार असता तर त्याने किती जागा मागितल्या असत्या, हे त्याने स्वतःला विचारावे. उत्तर पन्नासच आले तर उरलेल्या सत्तावन्न कशाच्या, हे त्याचे त्यालाच समजेल.

हीच कसोटी दुसऱ्या बाजूनेही लावली पाहिजे, नाहीतर आम्ही एकाच पक्षाची वकिली करीत आहोत असे होईल. नासरेथ येथे ख्रिस्ती लोकांच्या मोठ्या चर्चला लागून असलेल्या जागेत पालिकेला २००० सालच्या यात्रेकरूंसाठी चौक करायचा होता. १९९७ साली तेथे काही मुसलमानांनी तंबू ठोकला आणि शिहाब अद्दीन यांच्या नावाने मोठी मशीद बांधू असे जाहीर केले. १९९९ च्या ईस्टरला दोन्ही समाजांत मारामाऱ्या झाल्या. त्याच वर्षी न्यायालयाने जागा सरकारची ठरवली. तरी सरकारने आधी काही भागावर बांधू दिले, मग विचार फिरवला, आणि २००३ साली घातलेला पाया उखडून टाकला. येथे विरोध करणाऱ्या ख्रिस्ती लोकांना आम्ही दोष देत नाही. दुसऱ्याच्या दारात, आपली नसलेल्या जागेवर, त्याला खिजवण्यासाठी प्रार्थनास्थळ उभारण्याचा हक्क कोणासही नाही. यहुद्यांसही नाही, मग त्यांनी तंबू ठोकून वर पवित्र ग्रंथ उघडून ठेवला तरी. या प्रकरणात खरा दोष आधी हो आणि मग नाही म्हणणाऱ्या सरकारांचा होता. मते हवी होती तेव्हा एक बोलले, परदेशातून ओरड झाली तेव्हा दुसरे.

बांगेचेही तसेच. पहाटे चारला भोंग्यावरून मोठ्याने बांग झाली तर ज्याला सहाला कारखान्यात जायचे आहे त्याची झोप मोडते, मग तो यहुदी असो की मुसलमान. आवाजाचा कायदा सर्वांना आहे, तो लावावा. परंतु २०१६ साली बांगेचे भोंगे बंद करण्याचे बिल आले तेव्हा काय झाले ते पाहा. प्रथम अडवणूक केली ती आपल्याच कर्मठ पक्षाच्या मंत्र्यांनी. का? तर या कायद्याने शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ सुरू झाल्याचा भोंगाही बंद होईल म्हणून. मग बिलात रात्री अकरा ते सकाळी सात अशी वेळ घातली, शब्बाथचा भोंगा सुटला, आणि मंत्र्यांची हरकत संपली. २०१७ च्या मार्चमध्ये पहिल्या फेरीत ते मंजूर झाले, पुढे गेले नाही. पन्नास आणि एकशे सातचे गणित आपल्याकडेही जमते, ते असे.

आता सर्वांत अवघड आक्षेप. तो टाळून हा लेख पुरा करता येणार नाही. मंडळी म्हणतात, तुम्ही स्वित्झर्लंडच्या गोष्टी सांगता. २०२१ च्या मे महिन्यात लोदमध्ये आपली सिनेगॉगे जाळली, ती काय तुम्ही विसरलात? आणि २०२३ च्या ७ ऑक्टोबरनंतर मशिदीच्या हक्काविषयी बोलण्यास जीभ कशी धजते?

विसरलो नाही. लोदमध्ये आपले कितीतरी लोक राहतात. त्या दिवसांत तेथे एक यहुदी आणि एक अरब नागरिक जिवास मुकले. ७ ऑक्टोबरविषयी येथे लिहिण्याची गरज नाही; ज्याच्या घरातील नाही त्याच्या गल्लीतील, किंवा मुलाच्या पलटणीतील कोणीतरी गेलेच आहे. अशा वेळी जिभेला जड जाते हे खरे. परंतु सोपे असताना पाळला जाणारा नियम हा नियम कसला? ज्याने सिनेगॉग जाळले त्याला पकडावे आणि कडक शिक्षा करावी. ज्या मौलवीने खून करण्यास सांगितले त्याला मशिदीतून उठवून तुरुंगात न्यावे. मशिदीच्या भिंतींनी त्याला आडोसा देता कामा नये. हे सारे माणसांना लागू आहे, नावानिशी, पुराव्यानिशी. त्यावरून कोणत्याही मुसलमानाने कोठेही मशीद बांधू नये हे निघत नाही. १९९४ साली एका यहुदी डॉक्टराने हेब्रोनमध्ये नमाज पढणाऱ्या एकोणतीस जणांना गोळ्या घातल्या. त्यानंतर लंडनच्या किंवा ठाण्याच्या सिनेगॉगाच्या परवानगीचा कागद कोणी त्या कारणासाठी फाडला असता, तर आपण काय म्हटले असते? त्या डॉक्टराशी आमचा काय संबंध, हेच ना!

दुसरा आक्षेप मुसलमानी देशांचा. तिकडे सौदी अरबस्तानात सिनेगॉग बांधून दाखवा, मग इकडे मशिदींच्या गोष्टी बोला. हा आक्षेप आम्हांस पहिल्याइतका वजनदार वाटत नाही. सौदी राजाच्या कायद्याचा दंड वांगेनच्या तुर्की गवंड्याने का भरावा? शिवाय जग थोडे बदललेही आहे. २०२३ साली अबुधाबीत एकाच आवारात, एकाच मापाची, मशीद, चर्च आणि सिनेगॉग उघडली. सिनेगॉगाला नाव आहे मोशे बेन मैमोन, म्हणजे आपल्या रांबामचे. ते राजाच्या मर्जीने उभे आहे, प्रजेच्या हक्काने नव्हे, हा भेद मात्र ध्यानात ठेवावा. मर्जी फिरू शकते.

रांबामचे नाव निघाले म्हणून सांगतो. हे थोर पुरुष मुसलमानांच्या राज्यात राहिले. लहानपणी त्यांच्या कुटुंबाला धर्मवेड्या मुसलमान राजवटीमुळे कोर्दोबा सोडून रानोमाळ भटकावे लागले. त्यांना मुसलमानांविषयी गोड बोलण्याचे कारण नव्हते. तरी ओबदिया नावाच्या, आपल्या धर्मात आलेल्या एका गृहस्थाने विचारले तेव्हा त्यांनी लिहून दिले की इश्माएलचे वंशज मूर्तिपूजक नाहीत, ते एकच देव मानतात. ज्याने छळ सोसला त्याने छळणाऱ्याच्या धर्माविषयी खोटे लिहिले नाही. आपल्यातील जे कोणी मशिदीला विटाळाची जागा म्हणतात, त्यांनी हे पत्र आपल्या रब्बींकडून समजावून घ्यावे.

कोकणात आपण मूठभर होतो. नावगावच्या किनाऱ्यावर आलेल्या आपल्या पूर्वजांपासून तेलाचा घाणा शनिवारी बंद ठेवणाऱ्या शनवार तेल्यांपर्यंत, आपण नेहमी लहानच होतो, आणि आपल्याला काय करू द्यावे हे दुसऱ्यांच्या हातात होते. त्यांनी करू दिले. आता या देशात आयुष्यात प्रथमच आपण मोठ्या बाजूला आहोत. हात वर करून मत द्यायचे आहे ते आपण. तोराने परक्याला छळू नका हे पुन्हा पुन्हा बजावले, ते मिसरमध्ये विटा थापणाऱ्यांसाठी नव्हते. पुढे ज्यांच्या हाती जमीन आणि राज्य येणार होते त्यांच्यासाठी होते.

आपल्यातील पुष्कळजण बीरशेबात राहतात. तेथे तुर्की अमदानीत १९०६ साली बांधलेली एक देखणी मशीद आहे. १९४८ नंतर तेथे नमाज थांबला. १९५३ पासून ती बरीच वर्षे शहराचे संग्रहालय होती, मग बंद पडून राहिली. २००२ साली अरब नागरिकांच्या संस्था न्यायालयात गेल्या. मशीद पुन्हा नमाजासाठी उघडावी, अशी त्यांची मागणी. पालिकेचे म्हणणे, गडबड होईल, आणि आसपासच्या बदाउनी गावांत मशिदी आहेतच. २०११ साली न्यायालयाने तोड काढली की तेथे इस्लामी संस्कृतीचे संग्रहालय असावे. तसे ते झाले. संग्रहालय चांगले आहे. मुलांना जरूर दाखवावे. पण उद्या मुंबईच्या पालिकेने जुनी मशीद ताब्यात घेऊन तेथे बेने इस्राएल संस्कृतीचे संग्रहालय थाटले, काचेच्या पेटीत आपला सेफेर तोरा ठेवला, आणि तफिल्ला म्हणण्यास गेलेल्यांना सांगितले की ठाण्याला सिनेगॉग आहे, लोकलने जा, तर आपण कोणत्या शब्दांत पत्र लिहू, ते बीरशेबातील मंडळींनी एकदा कागदावर उतरवून पाहावे. ते पत्र नावे बदलून नगरपालिकेला पाठवण्याची कोणाची तयारी असेल, तर खाली आमचीही सही घालावी.